दोन झटक्यांमधला दम

“तुमच्यात भरमू मगदूम कोण?”

तालमीच्या दारात एक किडकिडीत माणूस उभा होता. डोळ्यांवर चष्मा, अंगात पांढरा शर्ट, पायांत पळायचे बूट. मी हौदातल्या लाल मातीत बैठका मारत होतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात खाटेवर बसलेले हिंदुराव वस्ताद म्हणाले, “का? भरमूकडं काय काम हाय?”

“मी विश्राम केळुसकर. मूळचा मालवणकडचा, सांगलीला असतो. मुलांचा पळण्याचा सराव घेतो. भरमूचा दम कमी पडतो असं कळलं. कुस्त्यांच्या मैदानाला अजून तीन महिने आहेत. तुमची हरकत नसेल तर संध्याकाळी येत जाईन.”

“कुणाकडनं कळलं?”

“कळलं.”

“आन घेणार काय?”

“काही नाही.”

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ तालमीतल्या मातीलाही कळला असता. सांगलीसारख्या गावातला शिकलेला माणूस एस.टी.चे हेलपाटे घालून आमच्या खेड्यात येणार, एका पैलवानाला शिकवणार आणि त्याबदल्यात पेलाभर दूधही घेणार नाही.

माझा दम कमी पडतो ही गोष्ट मात्र खरी होती. आमचं गाव कृष्णेच्या अल्याड, काळ्या रानाचं. पल्याड माळेवाडी. मैदान एक साल इकडं, एक साल तिकडं व्हायचं. आदल्या साली माळेवाडीच्या मैदानात सिदू बंडगरानं मला पाडलं होतं. सुरुवातीला मी त्याला दोनदा खाली घेतला. हलगी माझ्या बाजूनं वाजत होती. मग छातीत लोहाराचा भाता सुरू झाला, हात जड झाले, आणि सिदूनं मला उचलला तेव्हा आभाळ नुसतं पांढरं दिसलं. त्याच धरपकडीत माझा डावा गुडघा दुखावला. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, वस्तादांनासुद्धा नाही. अशी बातमी नदी ओलांडायला वेळ लावत नाही.

आणि वस्तादांचं दुखणं वेगळंच होतं. ऐन उमेदीत त्यांना सिदूच्या बापानं, बिराप्पा बंडगरानं पाडलं होतं. त्यानंतर वस्ताद आखाड्यात उतरले नाहीत. तालमीत त्या कुस्तीचं नाव कुणी काढत नसे.

केळुसकर बाहेर थांबले होते. वस्ताद मला हळूच म्हणाले, “करू दे काय करतोय ते. डोळ्यांसमोर असलेला बरा. पर नजर ठेव.”

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. शाळेमागं नदीकडं उतरणारी गाडीवाट होती, चांगल्या चढाची. केळुसकरांनी आधी मला सपाटीवर चालवलं, हातपाय मोकळे करून घेतले. मग चढावरच्या चिंचेकडं बोट केलं.

“तिथपर्यंत. जेवढा जोर आहे तेवढा लावून.”

मी पळालो. चिंचेला हात लावला आणि परत पळत सुटलो.

“पळू नकोस. चालत ये.”

“अजून पळतो की, सर.”

“म्हणूनच चाल म्हणतोय.”

खाली आलो की ते माझ्या जबड्याखाली दोन बोटं ठेवायचे, घड्याळाकडं बघायचे, आणि थोडं थांबून म्हणायचे, “हं, आता.” परत चढ. परत चालत खाली. काही फेऱ्यांत माझ्या पायांचा कापूस झाला आणि दुपारचं दूध बांधाच्या कडेला पडलं. हजार बैठका मारणारा गडी मी, आणि अर्ध्या तासाच्या आत ओणवा झालो होतो.

“झालं आजचं,” केळुसकर म्हणाले. “उद्या नाही. परवा.”

शाळेच्या भिंतीला टेकून वस्ताद तंबाखू मळत होते. केळुसकर गेल्यावर म्हणाले, “एक दिवस पळवायचं, एक दिवस बसवायचं. पैलवान हाय का पाव्हणा? आन हे असं धावून थांबायचं, धावून थांबायचं. कुत्र्यागत.”

मी तेच दुसऱ्या खेपेला केळुसकरांना विचारलं. कुत्रं तेवढं वगळलं.

ते खाली गवतावर बसले. “कुस्ती कशी असते, सांग. बैलगाडीसारखी एका चालीनं चालते?”

“न्हाई. दोघं एकमेकाला चाचपतात. मग एखादा घुसतो.”

“घुसला की काय होतं?”

“झटका. सगळा जोर.”

“आणि तो डाव फसला तर?”

“परत चाचपणं.”

“मग तुझा सराव एका चालीचा का? हजार बैठका एका लयीत. तुला झटका मारता येतो, भरमू. तू हरतोस तो झटक्यात नाही. दोन झटक्यांच्या मधे तुझा श्वास परत येत नाही, तिथं हरतोस. मी तुला पळायला शिकवत नाहीये. सावरायला शिकवतोय. हृदयाला पळवायचं, मग उसंत द्यायची, ती पुरती संपायच्या आत पुन्हा पळवायचं. हळूहळू ते कमी उसंतीत सावरायला शिकतं.”

“मग रोज का नको?”

“जोर लावल्यावर अंग झिजतं. भरून यायला त्याला दिवस लागतो. रोज लावलास तर नुसतं झिजतच राहील.”

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि मला तेच खटकलं. फसवणारा माणूस पटेल असंच बोलणार.

पंधरवड्यात माझं वजन उतरलं. वस्तादांनी माझा दंड दाबून बघितला. त्या दिवसापासून ते केळुसकरांच्या प्रत्येक गोष्टीचा माग काढू लागले. हा माणूस आमचं दूध का पीत नाही? पोटाला सोसत नाही म्हणतो, पण चहा तर पितो. सांगलीची एस.टी. चौकात थांबते, मग हा कधी कधी नदीच्या अंगानं कसा येतो?

बुटांची गोष्ट वस्तादांनीच हेरली. केळुसकर उंबऱ्याबाहेर बूट काढून ठेवायचे. एका संध्याकाळी वस्तादांनी काठीनं एक बूट उलटा केला.

“बघ.”

तळव्याच्या खाचांत तांबडा मुरूम होता. आमच्याकडं कोसभर कुठं मुरूम सापडायचा नाही. मुरूम होता पल्याड. माळेवाडीच्या नव्या रस्त्यावर त्या साली तोच पसरलेला होता.

मी तरीही मनाची समजूत घातली असती. पण त्याच आठवड्यात चढावरून उतरताना केळुसकर एकदम म्हणाले, “डावा गुडघा कधी दुखावला?”

“कुठं काय? काही न्हाई दुखावला.”

“बरं,” ते म्हणाले. “मग आजपासून उतरताना गवतावरून उतर. पळायचं फक्त चढाला.”

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. गुडघ्याचं ह्याला कुणी सांगितलं? आणि आता हा कुणाला सांगणार? मैदानात सिदू पहिल्याच धरपकडीत माझ्या डाव्या पायावर येणार, हे मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. शेवटी वस्तादांना गुडघ्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत. दाढी खाजवत म्हणाले, “सकाळच्या पहिल्या नावेनं पल्याड जा. मुरमाच्या रस्त्याला काय चालतंय ते बघून ये.”

पैलवानाचे कान लपत नाहीत. मोडून गाठी झालेले कान दिसले असते तर माळेवाडीतल्या शेंबड्या पोरानंही मला ओळखलं असतं. म्हणून डोक्याला मफलर गुंडाळला, सायकल नावेत घातली आणि दूधवाल्यांच्या किटल्यांमागं तोंड लपवून बसलो. पल्याड सायकल ओढ्यात ठेवली आणि रस्त्याच्या कडेच्या उसात शिरलो.

थोड्या वेळानं आवाज आला. केळुसकरांचाच.

“पुढच्या खांबापर्यंत जोरात. बोला, आण्णा. काहीतरी बोलत राहा.”

“काय बोलू?” दुसरा आवाज घोगरा होता.

“काहीही. बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर वेग जास्त झाला. आणि गाणं म्हणता आलं तर आळस करताय असं समजा.”

मी पात सारून बघितलं. विजेच्या दोन खांबांच्या मधे एक म्हातारा झपाझप चालत होता. अंगात सदरा, पण तो खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. ओळखायला मला वेळ लागला. हा बिराप्पा बंडगर होता. ज्याच्या मानेभोवती गड्याचे दोन्ही हात पुरत नसत, तो माणूस आता माझ्या निम्मा झाला होता. खांब आल्यावर केळुसकरांनी त्याचं मनगट हातात घेतलं. “आता हळू. पुढचा खांब येईस्तोवर रमतगमत.”

आणि त्यांच्या दहा पावलं मागं सिदू चालत होता. त्याच्या खांद्यावर प्लॅस्टिकची खुर्ची होती. बापाला लागलीच बसावंसं वाटलं तर असावी म्हणून.

माझ्या पायाखाली ऊस मोडला.

“उसात कोण हाय?” बिराप्पानं विचारलं.

पळून जाणं शोभलं नसतं. मी बाहेर आलो, मफलर सोडला. सिदूनं खुर्ची खाली ठेवली.

“भरम्या. चोरून बघायला आलास?”

“सरांना बघायला आलो हुतो.”

“तू सरांना वळखतोस?”

उत्तर केळुसकरांनी दिलं. “संध्याकाळी मी भरमूचा सराव घेतो.”

सिदूचा चेहरा पडला आणि मग लालबुंद झाला. “आमच्यात सकाळी आन त्याच्यात संध्याकाळी? काय काय सांगितलंसा माझ्याबद्दल?”

“काही नाही.”

“मी कसं मानू?”

जो प्रश्न मला विचारायचा होता तोच तो विचारत होता. आम्ही दोघंही एकाच माणसाकडं एकाच नजरेनं बघत उभे होतो. बिराप्पाला मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तो रस्त्याकडं बघत होता.

“आण्णा,” सिदू म्हणाला, “उद्यापास्नं ह्या माणसाला येऊ द्यायचं न्हाई.”

“पुढचा खांब राहिलाय,” बिराप्पा म्हणाला आणि चालायला लागला. सिदूनं खुर्ची उचलली आणि त्याच्यामागं गेला.

परतीच्या नावेत केळुसकर माझ्यासमोर बसले. नदी संथ होती. मी म्हणालो, “आम्हाला का सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असतं तर तालमीचं दार उघडलं असतंस? आणि सिदूनं उघडलं असतं?”

“म्हाताऱ्याला काय झालंय?”

“हृदयविकाराचा झटका येऊन गेला. सांगलीच्या ज्या दवाखान्यात होते, तिथं मी पेशंटना व्यायाम शिकवतो. आधी महिनाभर नुसतं अंगणात चालवलं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर हे सुरू केलं, थोडं जोरात, थोडं सावकाश. सुरुवातीला एका खांबापर्यंत जाताना बसत होते. आता खुर्ची लागत नाही, पण सिदू ती आणायची सोडत नाही.”

“त्यांना आन मला एकच औषध?”

“एकच. त्यांचा चढ म्हणजे सपाट रस्ता, एवढाच फरक. ज्याचा जोर जेवढा, तेवढ्यातच त्यानं वर जायचं आणि खाली यायचं.”

“माझा गुडघा?”

“उतारावर तू डावा पाय जपून टाकतोस. कुणी सांगायची गरज नाही.”

“सिदूला सांगितलंत?”

“नाही.”

“आमच्याकडं तुम्हाला धाडलं कुणी?”

केळुसकरांनी चष्मा काढून पुसला. “ते सांगायचं नाही असं कबूल केलंय.”

म्हणजे कुणीतरी धाडलं होतं. आतापर्यंत निदान संशय होता, आता ते पक्कं झालं. नाव काठाला लागली. मी सायकल खांद्यावर घेतली आणि घाटाच्या उभ्या पायऱ्या चढू लागलो. चढता चढता मी त्यांना विचारतच राहिलो, कोण, कशासाठी, तुमचा काय फायदा. वर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की सायकल खांद्यावर असूनही मी सगळ्या पायऱ्या चढेस्तोवर बडबडत होतो आणि मला धाप लागली नव्हती.

वस्तादांना मी जे बघितलं ते सगळं सांगितलं. बिराप्पाचं नाव निघाल्यावर त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला.

“चालतोय कसा?” त्यांनी विचारलं.

“चांगला चालतोय. वाळलाय पर.”

वस्तादांनी सुपारी कातरायचं सोडून अडकित्ता बाजूला ठेवला. मग आवाज चढवून म्हणाले, “बंडगरांचा माणूस हाय. मला पहिल्या दिवशीच वाटलं हुतं, पल्याडनं धाडलाय. तुझं वजन उतरवलं, तुझा गुडघा हेरला. उद्यापास्नं त्याला तालीम बंद. आन तुलाबी त्याच्याकडं जायचं न्हाई.”

वस्तादांचा शब्द मी तोवर कधी मोडला नव्हता. पण घाटाच्या पायऱ्या माझ्या डोक्यातून जाईनात.

“वस्ताद, मी जाणार.”

“काय म्हणालास?”

“संशय मलाबी हाय. पर दम वाढलाय. मैदान होईस्तोवर मी जाणार.”

“मग पडलास तर ह्या दारात येऊ नको,” ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

केळुसकरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “माझ्यावर विश्वास ठेवून येणार आहेस का?”

“न्हाई.”

“चालेल. विश्वासानं दम वाढत नाही. ये.”

चढावरच्या फेऱ्या वाढल्या, मधली उसंत आखडली. कधी ते पळण्याऐवजी मला पाठीवर वाळूचं पोतं देऊन उठबस करायला लावत, कधी एका गड्याला मधे उभा करून त्याला उचलायला लावत, आणि मग तेच, चाल, श्वास घे, परत. मी दर खेपेला त्यांच्या तोंडाकडं बघायचो, कुठं काही लपलेलं सापडतंय का ते. मैदानाच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी सराव जवळजवळ थांबवला.

“आता विश्रांती. केलेलं अंगात मुरू दे.”

त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. ऐन वेळी गड्याला बसवून ठेवायचं, ह्यासारखा दुसरा घात कुठला? तालमीतले गडी माझ्याशी तुटक बोलत होते. वस्ताद तर बोलतच नव्हते.

मैदान आमच्या गावचं होतं. ओढ्याकाठी माणसांचा डोंगर झाला होता. शेवटची कुस्ती आमची लागली. हातात माती घेऊन सिदूच्या हाताला हात लावला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याची नजर माझ्या डाव्या पायावरून फिरून गेली. मी ती बघितली.

पंचानं सोडलं आणि सिदू थेट माझ्या डाव्या पायावर आला. त्यानं पट काढला, गुडघ्यामागं हात घालून पाय ओढला. केळुसकरांनीच ह्याला सांगितलं, हे माझ्या डोक्यात इतक्या जोरात आलं की मी जवळजवळ डाव विसरलो. कसाबसा पाय सोडवला, मागं सरलो. छाती भात्यासारखी व्हायला लागली. मी वर्तुळात चालत राहिलो, हात पुढं, नजर त्याच्यावर, आणि श्वास खालपासून वर घेत राहिलो. चढावरून चालत उतरताना घ्यायचो तसाच. सिदू परत आला तोवर भाता निवला होता.

मग मी घुसलो. तो सुटला. मी चाललो. तो घुसला. मी सुटलो. असं किती वेळ चाललं ते मला कधीच नीट सांगता आलं नाही. हलगीवाला दमून बदलला गेला, एवढं आठवतं. गेल्या साली ज्या ठिकाणी मला आभाळ पांढरं दिसलं होतं, ती जागा कधीतरी येऊन मागं पडली. त्यानंतर पहिल्यांदाच मला सिदूचं तोंड उघडं दिसलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो माझ्या गळ्यात पडून विसावा घ्यायला बघत होता. मी त्याच्या काखेत मान घातली, वळलो आणि ढाक डाव मारला. त्याची पाठ मातीला लागली. लोक आत धावले.

खांद्यावर बसून फिरताना मी दोन माणसं शोधत होतो. केळुसकर गर्दीच्या टोकाला, एका झाडाखाली उभे होते, आणि सिदूकडं बघत होते. वस्ताद कुठंच दिसेनात.

दिवस मावळायच्या आत तालमीत आलो तर वस्ताद खाटेवर बसले होते. पडलो नव्हतो, म्हणून दारात येऊ शकत होतो. मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात गडी आपोआप बाजूला झाले. दारात बिराप्पा बंडगर उभा होता. मागं सिदू, पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“येऊ का, हिंदुराव?”

वस्ताद उठून उभे राहिले. त्यांनी खाटेवर जागा केली. बिराप्पा येऊन बसला. दोघांमधे एक उशी होती.

“तुझा संशय खरा हुता,” बिराप्पा म्हणाला. “सरांना मीच धाडलं.”

बाहेर सिदूनं मान वर केली.

“मला ठावं हुतं,” वस्ताद म्हणाले. “गुडघ्यासाठी.”

“गुडघा बिडघा मला काय म्हाईत न्हाई. गेल्या साली ह्या पोराची कुस्ती बघितली. डावात सिदूच्या वरचढ हुता, आन दम गेला म्हणून पडला. लोकांनी सिदूला उचलला. मला काय ते गोड लागलं न्हाई.” तो थांबला, श्वास घेतला. “तुला पाडला तवा तुला ताप हुता. आखाड्यात तुझ्या अंगाला हात लावला तसं मला चटका बसला. मी पंचाला सांगायला पायजे हुतं. न्हाई सांगितलं. आयुष्यभर लोक म्हणत्यात, हिंदुरावाला पाडणारा बिराप्पा. मी तुला पाडलंच न्हाई. तापानं पाडलं. माझ्या पोराच्या नावावर तसली कुस्ती नको हुती. दवाखान्यात ह्या सरांनी मला चालवलं, तवा म्हटलं, पल्याड एक गडी हाय, त्याला जरा बघा. नाव सांगू नका, न्हाईतर हिंदुराव दार लावून घेईल.”

वस्ताद समोरच्या हौदाकडं बघत होते.

“ताप हुता,” ते शेवटी म्हणाले. “मी घरात कुणाला सांगितला नव्हता.”

मी बाहेर आलो. सिदू भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या गालावर अजून माती होती.

“माझ्याच बापानं,” तो म्हणाला.

“मलाबी आत्ताच कळलं.”

थोड्या वेळानं तो म्हणाला, “गुडघा दुखतोय का?”

“तुला कुणी सांगितलं गुडघ्याचं?”

“सांगायचं काय? गेल्या साली माझ्याच हातात त्यो कटकन वाजला हुता.”

मी त्याच्याशेजारी भिंतीला टेकलो. आत दोन म्हाताऱ्यांचा आवाज चढला होता. त्या जुन्या कुस्तीत पहिला पट कुणी काढला ह्यावरून ते भांडत होते.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी केळुसकरांना निरोप धाडला. ते आले तेव्हा वस्तादांनी स्वतःच्या हातानं चहा पुढं केला आणि म्हणाले, “आता हितं यायचं बंद करा.”

केळुसकरांनी कप खाली ठेवला.

“वरीसभर सिदूकडं जावा. त्याचा दम तोकडा पडला काल. दम तुटलेल्याला पाडल्याचं नाव आमच्या पोराला नको.”

सिदू सुरुवातीला तयार झाला नाही. बापाशी तो बरेच दिवस बोलत नव्हता. पण सकाळी खुर्ची घेऊन मागं चालणं त्यानं सोडलं नव्हतं, आणि एका सकाळी बिराप्पानं जोरात चालायचा वेग इतका वाढवला की सिदूला मागून पळावं लागलं. तिथून तो पळायला लागला, असं केळुसकर सांगायचे.

पुढच्या साली मैदान माळेवाडीला होतं. त्या दिवशी सिदूनं मला पाडलं. कुस्ती लांबली होती, माझा श्वास जागेवर होता, त्याचाही होता, आणि त्यानं असा डाव काढला जो मी आधी कधी बघितला नव्हता. पाठ मातीला लागली तेव्हा आभाळ निळं होतं.

परतीच्या नावेत गडी गप्प होते. वस्ताद किटल्यांमधून वाट काढत आले आणि माझ्याशेजारी बसले. नाव मध्यावर आली तेव्हा म्हणाले, “चांगला पडलास.”